उरलेला भात

भात टाकणारा माणूस तळकोकणात अजून जन्माला यायचा आहे. इथे जेवताना शीत खाली पडलं तर ते उचलून डोळ्यांना लावतात. चुकून पायाखाली आलं, तर थोरल्या माणसाला लाथ लागावी तसे ओशाळतात. रात्रीचा भात उरला की त्यात पाणी ओतायचं, मडक्यावर झाकण ठेवायचं आणि सकाळी मीठ घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर ती आंबूस शिळी पेज ओरपायची. ह्यात कुणी काही विशेष करतंय असं कुणालाच वाटत नाही.

म्हणून केतकीने तांदळाची पहिली पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आणि बजावलं, "काका, रोज ताजा भात शिजवायचा, मावशीला गरम असतानाच वाढायचा आणि उरेल तो टाकून द्यायचा," तेव्हा उल्हास पालव एवढंच म्हणाला, "बरां."

तळकोकणातल्या ह्या 'बरां'चा अर्थ पुण्यात वाढलेल्या मुलीला कुठून कळणार? त्याचा अर्थ असा, की तुझं ऐकलं, आता मला पटेल ते मी करीन. केतकीने मान डोलावली आणि प्रयोगातल्या पुढच्या घरी गेली.

केतकी ही उल्हासच्या बायकोची, नूतनची, भाची. सावंतवाडीच्या वाटेवर नव्याने उभ्या राहिलेल्या एका तांदूळ प्रयोगशाळेत ती संशोधक होती. उल्हास एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, आणि नूतन कणकवलीच्या स्टँडवरची उद्घोषक. दोघांचं जमलं ते भोंग्यावरून. "कणकवलीहून मालवणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे. मार्गे ओसरगाव, कसाल, सुकळवाड, कट्टा, चौके, कुंभारमाठ," असं ती म्हणायची आणि तिचं कुंभारमाठ पुरं होईपर्यंत उल्हास घंटी मारायचा नाही. ड्रायव्हर शिव्या घालायचा. पुढे लग्न झालं, मूलबाळ काही झालं नाही, पण त्या दोघांचं एकमेकांवर भागलं. गाड्या विजेवर धावू लागल्या, भोंग्यावरची बाई जाऊन यंत्र बोलायला लागलं, तरी नूतन भाजी चिरताना गंमत म्हणून मालवणची गाडी सोडायची आणि हाक मारायची, "ओ कंडक्टर, जेवक येवा."

मग एक दिवस कसालनंतर एकदम चौके आलं. सुकळवाड आणि कट्टा गळले. उल्हास हसला, तीही हसली. नंतर आमटीत दोनदा मीठ पडू लागलं, शेजारणीचं नाव गेलं, आणि एका दुपारी तिने दारात उभ्या असलेल्या उल्हासला, अनोळखी प्रवाशाला विचारावं तसं, विचारलं, "तुमका खंय जावचा आसा?" त्या दिवसापासून हसणं बंद झालं.

केतकीचा तांदूळ ह्याच दुखण्यासाठी होता. नाव तांबसाळ. तिने काकाला सगळं समजावून सांगितलं होतं. लोखंड हवेत राहून गंजतं, तसं काहीसं आपल्या पेशींचंही होतं. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्यातूनच शरीरात काही मोकाट रेणू तयार होतात आणि ते दिसेल त्याला ओरबाडत सुटतात. मेंदूच्या पेशी सगळ्यांत जास्त प्राणवायू खातात, म्हणून सगळ्यांत आधी त्या झिजतात. तांदळाच्या दाण्याला ही गोष्ट माणसाच्या आधीपासून ठाऊक आहे. आतल्या कोंबाला जपायला त्याने तांबड्या कोंड्याचा अंगरखा शिवला, आणि त्या कोंड्यात अँटिऑक्सिडंट भरले, म्हणजे मोकाट रेणूंना गाठून शांत करणारी द्रव्यं. माणूस मात्र गिरणीत नेऊन तो अंगरखा सोलतो, गुरांना घालतो आणि आतला पांढरा, नागडा दाणा कौतुकाने खातो.

"साध्या लाल तांदळातही हे असतं," केतकी म्हणाली होती. "पण मेंदूच्या दारावर कडक पहारा असतो, तिथून ते आत जात नाही. तांबसाळीतलं द्रव्य आत जातं. फक्त ते कोंड्याच्या तंतूंना घट्ट बांधलेलं आहे. आतड्यात थोडंसंच सुटतं. तेवढं पुरे आहे."

तेवढं खरोखरच पुरलं असतं. नूतनचं विसरणं थांबलं. केतकी दर आठवड्याला येऊन मावशीच्या कपाळाला एक पट्टी लावायची, आणि हातातल्या पाटीवर मेंदूचं चित्र उमटायचं. जिथे काळोख पसरत होता, तो आता जागचा हलत नव्हता. पण गेलेलंही परत येत नव्हतं. गाडी कसालला थांबायची ती थांबायचीच.

आणि इकडे भात उरत होता. उल्हासने पहिल्या दिवशी तो ताटलीत घेतला, परसात गेला, खड्ड्याशी उभा राहिला आणि तसाच परत आला. आईने लहानपणी सांडलेल्या शितांसाठी दिलेली चापट त्याच्या गालावर अजून होती. त्याने भातात पाणी ओतलं आणि मडक्यावर झाकण ठेवलं. सकाळी तो स्वतःच ती पेज खायला बसला, तर नूतनने त्याच्या पुढ्यातला वाडगा ओढून घेतला.

"ही खरी पेज," ती ओरपत म्हणाली. "माझ्या भाचयेचो ताजो भात म्हणजे इस्पितळातला जेवाण."

त्या दिवशी दुपारी भांडी विसळताना तिने मालवणची गाडी सोडली. ओसरगाव, कसाल, सुकळवाड. उल्हासच्या हातातला पेला तसाच राहिला. कट्टा. चौके. कुंभारमाठ.

त्याला काय कळायचं ते कळलं. शिळी पेज खाल्ली की तिचा दिवस उजेडाचा जातो. मग तो मुद्दाम जास्त भात शिजवू लागला, रोज उरवू लागला. शेजारणीचं नाव परत आलं. लग्नातल्या भांडणाची कारणं परत आली आणि नूतन ती नव्याने भांडली. उल्हास इतका सुखी त्याच्या तरुणपणीही नव्हता. केतकीला मात्र त्याने ह्यातलं काही सांगितलं नाही. पोरगी रागावेल, तांदूळ बंद करील, एवढीच भीती.

केतकीलाही विचारावंसं वाटलं नाही. तिच्या पाटीवर मावशीचा मेंदू उजळत होता. बाकी सगळ्या घरांतले रोगी जिथल्या तिथे थांबलेले, आणि पालवांकडची एक बाई चक्क मागे परतत होती. तिच्या रक्तात ते द्रव्य इतरांच्या कितीतरी पट सापडत होतं. केतकीने त्यावर निबंध लिहिला, परदेशातून बोलावणी आली, वर्तमानपत्रात मावशीचा फोटो छापून आला. नूतनने तो कापून देवघराशेजारी चिकटवला.

हे सगळं दीड-एक वर्ष चाललं. मग सर्वांगाची तपासणी करणारी गाडी गावात आली. नूतन आत जाऊन, निजून, उठून बाहेर आली आणि केसांत अबोलीचा वळेसर नीट करत म्हणाली, "गार लागता हो आतमदी." केतकी पाटीकडे बघत राहिली.

नूतनच्या यकृतात गाठ होती. चांगली वाढलेली.

केतकी माजघरात बसली आणि तिने काकाला थेट विचारलं, "रोज किती भात घालता?"

"तू सांगितलंस तेवढोच."

"आणि उरलेला?"

उल्हासने एकदा चुलीकडे पाहिलं. "टाकूक नाय मी. भात कोण टाकता? शिळी पेज करून घातलंय. तिका आवडता."

केतकीने डोळे मिटले. मग ती सावकाश बोलायला लागली, जणू स्वतःलाच समजावत होती. मडक्यात रात्रभर भात आंबतो म्हणजे त्यात जिवाणू वाढतात. कोंड्याच्या तंतूंची जी गाठ आतड्याला सुटत नाही, ती जिवाणू सोडवतात. सगळंच्या सगळं द्रव्य मोकळं होतं. मावशीच्या शरीरात थेंबाऐवजी घागर गेली होती.

"ता चांगलाच नाय?" उल्हास म्हणाला.

"काका, आपल्या शरीरात रोज एखादी पेशी बिघडते. तिचा कॅन्सर होऊ शकतो. पण ती बिघडली की तिच्यातच मोकाट रेणू वाढतात आणि ती त्यांनीच मरते. शरीराची ती रीत आहे. आपण मावशीच्या पेशींना चिलखत घातलं. चिलखताला चांगली पेशी कुठली आणि वाईट कुठली हे कळत नाही. त्याने मेंदू वाचवला, आणि ती गाठही वाचवली."

"मगे गाठीवर औषध?"

"आहे. किरण आहेत, औषधं आहेत. पण तीही मोकाट रेणू सोडूनच गाठ मारतात. तांबसाळ पोटात असेपर्यंत त्यातलं एकही चालणार नाही. आणि तांबसाळ बंद केली तर..." ती थांबली. "आयतं मिळत गेलं म्हणून मावशीच्या मेंदूतल्या पेशींनी स्वतःचं रक्षण करणंच सोडून दिलंय. बंद केली तर महिन्याभरात सगळं जाईल. आधी जेवढं गेलं होतं त्याहून जास्त. ते परत येणार नाही."

उल्हासने चुलीशेजारचं मडकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. चूक त्याची होती हे त्याला कळलं होतं, पण ती कुठल्या क्षणी झाली हे काही केल्या सापडत नव्हतं.

"मी विचारायला हवं होतं," केतकी म्हणाली. "तुमचे आकडे एवढे चांगले का, हे मी विचारलंच नाही. चांगल्या आकड्याला कोण विचारतं, की बाबा तू आलास कुठून?"

पुढल्या आठवड्यात ती घरोघर फिरली. प्रयोगात जेवढी घरं होती, तेवढ्या घरांत चुलीशेजारी मडकं होतं. कुणी पेज मधूनमधून रोग्याला घालत होतं, कुणी स्वतः खात होतं, कुणी नातवंडांना देत होतं. गाठी आणखी निघाल्या. प्रयोग बंद झाला, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, आणि ज्यांनी निबंधाचं कौतुक केलं होतं त्यांनी केतकीचे फोन घेणं सोडलं. मात्र ज्यांना तांदूळ हवा असेल त्यांना घरी आहे तो संपेपर्यंत वापरू द्यावा, असं ठरलं. बंद करण्याचा परिणाम माहीत असल्यावर दुसरं काय ठरवणार?

उल्हास आणि केतकी ओटीवर बसून हेच बोलत होते. कुठल्या इस्पितळात न्यायचं, कधी न्यायचं. आतून नूतन आली. तिने हात पुसले आणि दोघांच्या मध्ये बसली.

"तुमी दोघां बोलतास. माका कोण इचारतलो?"

केतकीने हातातली पाटी बाजूला ठेवली.

"मी भात सोडूचंय नाय," नूतन म्हणाली. आवाज तोच, स्टँडवरचा, शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचणारा. "वरस मिळांदे, नायतर सा म्हयने. पण ओसरगाव ते कुंभारमाठ सगळे थांबे माका येवक होये. ह्यांचा नाव येवक होया. नाव इसरान धा वरसां जगान मी काय करू? परक्याच्या घरात रवल्यासारख्या वाटतला माका. एकदा अनुभव घेतलंय तो. पुन्ना नको."

"नूतन," उल्हास म्हणाला.

"तुमचा काय ता माका ठावक आसा. तुमका मी होयी. पण जी रवतली ती मी नसतलंय ओ."

केतकीने मावशीचा हात धरला आणि म्हणाली की मावशी पुरती भानावर आहे, तिचा निर्णय तोच शेवटचा. उल्हासने मान हलवली. "बरां," तो म्हणाला.

तांबसाळ आणि दुकानातला पॉलिशचा तांदूळ शिजल्यावर अंगाने सारखेच दिसतात, फक्त रंगाचा फरक. उल्हासने बीट किसलं, पिळलं आणि तो रस दुकानातल्या तांदळाच्या आधणात घातला. वाढताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो स्वतःशी म्हणत होता, की ही जिवंत राहिली पाहिजे, बाकीचं नंतर बघू. माणूस आपल्या मनाला अशी बरीच आश्वासनं देतो आणि मन बापडं ती ऐकून घेतं.

सहाव्या की सातव्या दिवशी नूतनने घास चावता चावता थांबवला. "ह्यो भात चावूक लागना नाय. तांबसाळ दातांका लागता." तिने ताट पुढे सरकवलं. "तुमी भात बदललात."

उल्हास खाली मान घालून बसला.

"तुमका मी सांगललंय," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि तेच त्याला सहन होईना. "सांगललंय की नाय?"

"सांगलेलंस. चुकलंय मी. उद्यापासून तांबसाळच घालतंय. देवाशपथ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विश्वास ठेवला. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला खोटं सांगितलेलं तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कालचं बोलणंही आठवत नव्हतं. उल्हासने ते तिच्या तोंडावरून ओळखलं, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं ह्याचीच त्याला एवढी शरम वाटली, की तो विहिरीवर जाऊन तोंड धूत राहिला. परत आल्यावर त्याने बीट किसायला घेतलं.

हे पुन्हा झालं. दोन दिवसांआड तिला तो भात नव्याने कळायचा, ती नव्याने विचारायची, तो नव्याने शपथ घ्यायचा आणि सकाळी ते सगळं पुसलेलं असायचं. दर वेळी तिचे शब्द थोडे कमी व्हायचे. "तुमी भात बदललात," ह्याचं नुसतं "भात..." झालं. मग एक दिवस तिने तो मऊ, गुलाबी भात निमूट खाल्ला आणि आणखी मागितला. उल्हासने वाढला. त्या दिवशी तो स्वतः जेवला नाही.

केतकी आली, तिने पट्टी लावली. पाटीवर काळोख वेगाने पसरत होता. परसात हात धुवायला गेली तेव्हा खड्ड्याच्या कडेला बिटाच्या सालींचा ढीग होता. तो तिने पाहिला. परत येऊन ती ओटीवर बसली. उल्हास तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आता मावशी निर्णय घेऊ शकत नाही," ती म्हणाली. "कायद्याने तुम्हालाच सही करावी लागेल." बिटाबद्दल ती तेव्हाही काही बोलली नाही आणि पुढेही कधी बोलली नाही. त्या दिवसापासून मावशीच्या घरी तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

गोव्यातल्या एका इस्पितळात उपचार झाले. किरण, औषधं, केस गळणं, उलट्या. हे सगळं आपल्याला का होतंय हे नूतनला कळत नव्हतं, आणि सुई टोचणाऱ्या प्रत्येक नर्सला ती विचारायची, मी काय केलंय. उल्हास बाहेरच्या बाकड्यावर बसायचा. गाठ विरली. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "नशीबवान आहात. हृदय चांगलं आहे, फुप्फुसं चांगली आहेत. दहा वर्षं आरामात जगतील."

दहा वर्षं. उल्हासने जे मागितलं होतं ते त्याला पुरतं मिळालं.

आता नूतन ओटीवर बसते. केस परत आले आहेत, आखूड आणि पांढरे. ती उल्हासला कधी स्टँडवरचा हमाल समजते, कधी चुकलेला प्रवासी. त्याने भरवलं तर खाते, पण परक्या पुरुषाने भरवल्यासारखी मान वळवून. संध्याकाळ झाली की ती कपड्यांची पिशवी भरते आणि विचारते, "माका घराक कोण सोडतलो?" आपण घरातच आहोत हे तिला पटवण्याच्या भरीला तो आता पडत नाही. तो तिला अंगणातून एक फेरी मारून परत ओटीवर आणतो.

एकदा त्याने तिच्याजवळ बसून म्हणून पाहिलं, "कणकवलीहून मालवणकडे जाणारी गाडी... मार्गे ओसरगाव, कसाल..." आणि तो थांबला. नूतन विचारात पडली. मग हसून म्हणाली, "ती गाडी गेली."

तांबसाळीची अर्धी पिशवी कोनाड्यात तशीच होती. ती आता कशालाच उपयोगी नव्हती. मेलेल्या पेशी भाताने उठत नाहीत, आणि गाठीचं कुठे एखादं बी राहिलं असेल तर ते मात्र तेवढ्यावर पोसलं असतं. केतकीने फोनवर सांगितलं होतं, कोंबड्यांनाही घालू नका, खोल खड्ड्यात पुरा. परवा तो पिशवी घेऊन परसात गेला. पुन्हा त्याच खड्ड्याशी उभा राहिला. ह्या वेळी त्याने पिशवी उलटी केली. तांबडे दाणे खाली पडताना त्याच्या डोळ्यांसमोर काही आलं नाही, आईची चापटही नाही. तो भात टाकायला शिकला होता.

मागे पावलं वाजली. नूतन येऊन उभी होती. काही दाणे खड्ड्याच्या कडेला, मातीत सांडले होते. ती खाली बसली, एकेक दाणा वेचून गाऊनच्या ओट्यात घेऊ लागली. सगळे वेचून झाल्यावर तिने ते मुठीत घेऊन डोळ्यांना लावले आणि वर बघून, कुणा अनोळखी माणसाला समज द्यावी तसं उल्हासला म्हणाली, "अन्न आसा ह्या. टाकू नये. घरात कोणी शिकवूक नाय तुमका?"

उल्हासने दोन्ही हात पुढे केले. तिने ते दाणे त्याच्या ओंजळीत ओतले, एकही खाली पडू न देता. मग ती वळली आणि आपली पिशवी घेऊन अंगणात, घरी सोडणाऱ्या माणसाची वाट बघत उभी राहिली. उल्हास दाणे मुठीत धरून तिथेच थांबला होता. त्याला ते टाकताही येईनात आणि ठेवताही येईनात.